अण्णांची पद्मिनी गाडी चोरीला गेली. लातूर, नांदेड, बीदर भागातल्या मंडळींनी लक्ष ठेवा

मांजराकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं वाचून जाणारा माणूस. आज मदत मागायला धागा काढतोय.

आमची 1978 ची प्रीमियर पद्मिनी परवा रात्री घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमधून चोरीला गेली. लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. पोलीस ठाण्याचं नाव मुद्दाम टाकत नाही, मला तिथल्या माणसांशी वैर घ्यायचं नाही, गाडी पाहिजे.

शेडचं कुलूप कापलंय. पुढच्या डाव्या दाराची त्रिकोणी काच फोडून, हात आत घालून दार उघडलंय. काचेचा चुरा अजून मातीत आहे. गाडी चालू केलेली नाही, उतारावरून डांबरी रस्त्यापर्यंत ढकलत नेल्याचे टायरचे वण दिसतात. चौकातल्या खताच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात पहाटे ताडपत्री टाकलेला एक टेम्पो उदगीरच्या दिशेनं जाताना दिसतो. नंबर वाचता येत नाही, फक्त मागच्या फळीवर डाव्या बाजूला पांढरा पट्टा आहे.

ठाण्यात गेलो तर पहिलं वाक्य ऐकलं ते हे, "एवढ्या जुन्या भंगारासाठी गुन्हा कशाला? अर्ज देऊन जा, सापडलं तर कळवू." अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून दिला. किंमत विचारली तेव्हा म्हणाले, भंगारभावानं लिहा.

ती भंगार नाही. ती काय आहे ते सांगतो, म्हणजे शोधणाऱ्यालाही उपयोग होईल.

30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, उजाडायच्या आत गाडी घेऊन निघाले. मागची सीट काढून शेडमध्ये टाकली, त्या जागेत कडबा आणि वर गोधड्या अंथरल्या, आणि तिकडचे जखमी लातूरला दवाखान्यात पोचवत राहिले. पावसानं चिखल झालेला. पडलेल्या घरांची दारं उचकटून त्यावर माणसं आणत होते. असंच एक सागवानी दार आत सरकवताना गाडीच्या उजव्या मागच्या दाराची खालची कड आत दबली. पुढं गाडीला रंग दिला तेव्हाही अण्णांनी पेंटरला ती कड ठोकू दिली नाही. का, ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

ही पहिली खूण. दुसरी, फ्यूज बॉक्सचं मूळ झाकण फुटल्यावर गावातल्या तांबटाकडून करून घेतलेलं पितळी झाकण, त्यावर ठोक्यांची नक्षी. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. बॉनेटच्या आतल्या बाजूला अण्णा दर वेळी तेल बदललं की खिळ्यानं तारीख ओरखडायचे. वरून रंग मारला तरी बोट फिरवलं की लागतात. रंग मोतिया, सीट तपकिरी रेक्झिनच्या, गिअर स्टिअरिंगला.

अण्णा आता ऐंशीच्या पुढं आहेत. सकाळी शेडपाशी खुर्ची टाकून बसतात. त्यांना अजून वाटतंय की कुणी ओळखीच्यानं लग्नाच्या वरातीला नेली असेल.

कुणाला काही दिसलं, कळलं तर इथं लिहा.

लेंडीकाठ

भाऊ, लै वाईट झालं. मी देगलूरचा. आमच्याकडून पलीकडं तेलंगणात उतरायला वेळ लागत नाही, तसंच उदगीरहून बीदरला. टेम्पो त्या बाजूला गेलाय म्हणजे रातोरात हद्द बदलली असं धरूनच चाला. आमच्या गॅरेजवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकायलो. खुणांचे जवळून काढलेले फोटो असतील तर लवकर द्या.

काळा कोट

मांजराकाठ, गाडीचं वाचून वाईट वाटलं, पण आत्ता वेळ घालवू नका. मी फौजदारी वकिली करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

अर्जावरचा शिक्का म्हणजे गुन्हा दाखल होणं नव्हे. गुन्हा रजिस्टर नंबर पडत नाही तोवर तपास नाही, बिनतारी संदेश नाही, शेजारच्या राज्याला कळवणं नाही. तुमच्याकडं झालेली चोरी हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांना नोंदवावाच लागणारा गुन्हा आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. साध्या चोरीला कलम 303(2) लागतं, त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पण तुमची गाडी माल ठेवायच्या बंदिस्त शेडमधून गेली आहे, आणि ती स्वतः प्रवासी वाहन आहे. या दोन्ही गोष्टी कलम 305 मध्ये बसतात आणि तिथं शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. फिर्यादीत शेडचं वर्णन नीट लिहा: भिंती, पत्रा, दार, कुलूप, कापलेल्या कुलपाचा तुकडा. तो तुकडा पंचनाम्यात जप्त करून घ्यायला लावा.

किंमत भंगारभावानं मुळीच लिहू नका. 303(2) मध्ये पाच हजारांच्या आतल्या पहिल्या चोरीला, वस्तू परत केली तर, समाजसेवेवर सोडायची तरतूद आहे. तुमची गाडी तिथवर घसरणार नाही, पण किंमत कमी दिसली की तपासातला जीवही कमी होतो. आज चालू स्थितीतली, कागद असलेली पद्मिनी ज्या भावात मिळते ती किंमत लिहा, विक्रीच्या एकदोन जाहिराती छापून जोडा.

ठाण्यात नकार मिळाला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे लेखी फिर्याद टपालानं पोलीस अधीक्षकांना पाठवा. तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. ऑनलाइन फिर्याद दिलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे.

आणि ज्या तीन खुणा इथं लिहिल्यात त्या जशाच्या तशा फिर्यादीत गेल्या पाहिजेत. नंबर प्लेट पहिल्या तासात उतरते, चेसिस नंबर घासता येतो. बॉनेटखाली अण्णांनी ओरखडलेल्या तारखा चोराला माहीतच नाहीत. माझ्या लेखी या अख्ख्या धाग्यातली सगळ्यात मोलाची ओळ तीच.

खामकाठ

सहानुभूती आहे, पण एक बोलतो. आमच्या पैठण तालुक्यात मागच्या वर्षभरात किती जणांच्या विहिरीवरच्या मोटारी गेल्या, केबल गेल्या, दावणीचे बैल गेले. त्यांची तक्रारही कुणी घेत नाही, आणि त्यांच्यासाठी असा धागाही निघत नाही. बैल गेला की त्या घराची पेरणी जाते. हौसेच्या गाडीपेक्षा ते दुःख मोठं नाही का?

बालाघाट

खामकाठ, इथं दुःखाची मोजणी कशाला? धागाकर्त्यानं मदत मागितली आहे.

मांजराकाठ

नाही, खामकाठ दादा बरोबर बोलतायत. आम्हीही शेतकरीच. आमच्या चुलत्यांच्या विहिरीवरची मोटार गेली तेव्हा त्यांनाही अर्ज देऊनच वाटेला लावलं होतं. बैल गेलेल्या माणसालाही गुन्हा नंबर मिळाला पाहिजे आणि मलाही. "एवढ्यासाठी कशाला" हे वाक्य त्यांनाही ऐकावं लागतं, मलाही. वरच्या कलमांची माहिती त्यांच्या कामी येईल, दादा, तुमच्या गावात जरूर सांगा.

काळा कोट साहेब, उद्या सकाळी पुतण्याला घेऊन जातो. फिर्याद आज रात्रीच लिहून ठेवतोय.

खामकाठ

बरं वाटलं तुमचं उत्तर वाचून. वरच्या कलमांची झेरॉक्स ग्रामपंचायतीत लावतो. आणि संभाजीनगरात जुन्या गाड्यांचा रविवारी जमणारा एक गट आहे, त्यांच्यात माझा मेहुणा आहे. त्याला फोटो पाठवतो.

जुना मिस्त्री

परभणीला गॅरेज आहे माझं. पद्मिनी, अँबेसिडर, कमांडर जीप याच गाड्यांवर हात बसलेला. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, गाडी कशासाठी नेली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी 30 ऑक्टोबर 2023 पासून रस्त्यावरून गेल्या. शेवटची टॅक्सी 2003 साली नोंदलेली, वीस वर्षांची मुदत संपली. तोवर टॅक्सीवाल्यांमुळं पार्ट फिरत होते, कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेलं की मिळायचे. आता टॅक्सी गेल्या तसे पार्ट आटले आणि हौशी लोक वाढले. चांगली जाळी, बंपर, डॅशबोर्ड, त्रिकोणी काचेची फ्रेम, स्टिअरिंगचा गिअर असेंब्ली, याला आता मागेल ती किंमत. 1089 सीसीचं इंजिन चालू असेल तर त्याला वेगळं गिऱ्हाईक. त्यामुळं माझा अंदाज असा की गाडी अख्खी विकणार नाहीत. खोलतील. म्हणून अख्ख्या गाडीचा फोटो फिरवून भागणार नाही, एकेका पार्टाचा फोटो फिरवा. पितळी झाकणाचा फोटो आहे का?

दुसरी, ही ज्यांच्याकडं अजून गाडी आहे त्यांच्यासाठी. या गाड्यांना इमोबिलायझर, म्हणजे खऱ्या किल्लीशिवाय गाडी चालू होऊ न देणारी यंत्रणा नाही, दोन वायरी जोडल्या की इग्निशन येतं. रात्री उभी करताना डेल्कोचं (प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं) झाकण काढून आतला रोटर खिशात घालून घरी न्या. बोटभर तुकडा आहे, पण त्याच्याशिवाय स्पार्क प्लगला करंट जात नाही, सेल्फ कितीही मारा. बॅटरीला कट-ऑफ स्विच बसवा. आता मांजराकाठ भाऊंच्या बाबतीत गाडी चालूच केली नाही, टेम्पोत घातली, तिथं रोटरचा उपयोग नव्हता. त्याला उपाय म्हणजे स्टिअरिंग आणि चाकातून साखळी काढून जमिनीत गाडलेल्या कडीला कुलूप, आणि स्वतःची बॅटरी असलेला छोटा जीपीएस. तो डॅशबोर्डखाली लावू नका, तिथं पहिल्यांदा हात जातो. मागच्या सीटच्या स्प्रिंगमध्ये बांधा. त्यातल्या सिमचा रिचार्ज मात्र लक्षात ठेवून करा.

मांजराकाठ

मिस्त्रीकाका, झाकणाचा फोटो सापडला. पुतणीच्या बारशाला गाडी सजवली होती तेव्हा बॉनेट उघडं असताना कुणीतरी काढलेला. तारखाही त्यात तिरप्या उजेडात दिसतात, "12-6-87" आणि त्याखाली एक, अर्धी पुसलेली. टाकतोय.

मोंढा

जालन्याहून लिहितोय. माझा भंगार तोलायचा काटा आहे, म्हणून वेगळ्या बाजूनं बोलतो.

आमच्याकडं स्टीलच्या भट्ट्या आहेत हे सगळ्या मराठवाड्याला माहीत. त्यामुळं कुठं काही लोखंड गेलं की पहिला संशय जालन्यावर. पण हिशोब मांडा. पद्मिनीचं वजन साधारण नऊशे किलो. त्यातून काच, रबर, रेक्झिन वजा करा. उरलेल्या पत्र्याचे भंगारात जे येतील त्यातून टेम्पोचं भाडं, डिझेल, दोन माणसं वजा केली तर हातात काय राहतं? भंगारासाठी कुणी कुलूप कापून, पहाटेचा टेम्पो करून गाडी नेत नाही. मिस्त्री म्हणतात तेच खरं, पार्टासाठी किंवा कुणा हौशीला विकायला नेली आहे. खोलून झाल्यावर उरलेला सांगाडा मात्र भंगारात येऊ शकतो, म्हणून माझ्या ओळखीच्या काट्यांवर सांगून ठेवतो. मोतिया रंगाचा चपटा केलेला पत्रा आला तर आधी फोन करा म्हणून.

सरकारनं नोंदलेल्या स्क्रॅपिंग केंद्रात गाडी घेताना चोरीच्या नोंदीशी पडताळणी करावी लागते. गल्लीतल्या दुकानात ती होत नाही. म्हणून लहान दुकानांत स्वतः जाऊन फोटो देऊन या. बहुतेक माणसं धंदा नीट करणारी आहेत, फोटो दाखवला की ठेवून घेतात.

तेरणा

धाराशिवहून. मी वाहन विम्याचे सर्व्हे करते. धागाकर्त्यांच्या गाडीला फक्त थर्ड पार्टी असणार, या वयाच्या गाड्यांना बहुतेक तेवढाच असतो. त्यात चोरीची भरपाई नाही. तरी बाकीच्यांच्या कामाला येईल म्हणून लिहिते.

पाच वर्षांवरच्या गाडीची विमा रक्कम कोष्टकावरून निघत नाही. मालक आणि कंपनी यांच्यात ठरते. जुन्या जपलेल्या गाडीसाठी काही कंपन्या मूल्यांकन करून आधीच रक्कम कबूल करतात. तसा विमा हवा असेल तर आधी फोटो, दुरुस्तीची बिलं, मूल्यांकनाचा दाखला एकत्र करून मगच बोलायला बसा.

चोरी झाली की पोलिसांत लगेच, कंपनीला लगेच. कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून दावा फेटाळल्याची प्रकरणं होती. सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये सांगितलं की एफआयआर लगेच झाला असेल तर केवळ कंपनीला कळवण्यातल्या उशिरावरून दावा नाकारता येत नाही. म्हणून पहिली धाव ठाण्याकडे. पुढं दाव्यासाठी आरसी, सगळ्या किल्ल्या आणि गाडी मिळाली नाही असा पोलिसांचा अंतिम अहवाल लागतो. महाराष्ट्रात याला 'अ' समरी म्हणतात. म्हणजे गुन्हा खरा, पण तपास लागला नाही. 'ब' समरी म्हणजे फिर्याद खोटी. अहवालाची प्रत घेताना अक्षर बघून घ्या.

आणि ज्यांचा जीव गाडीत अडकलाय त्यांनी हे नक्की वाचा. कंपनीनं चोरीचा पूर्ण दावा दिला की गाडीवरचे हक्क कंपनीकडं जातात. नंतर ती सापडली तर ती तुमची राहत नाही. मी एका घरात हे समजावून सांगत होते तेव्हा त्या आजोबांनी पैशांचा कागद परत माझ्याकडं सरकवला होता. थोडं थांबायचं की नाही हे घरात बसून ठरवा.

सह्याद्रीपल्याड

पुण्याहून. आरटीओला लेखी कळवून त्यांच्या 'वाहन' या संगणक प्रणालीत गाडीची नोंद अडवून घ्या, म्हणजे फॉर्म 28 वर ना हरकत किंवा फॉर्म 29, 30 वर हस्तांतरण होणार नाही. नाहीतर तुमच्या नंबरवर दुसरीच पद्मिनी रस्त्यावर फिरायची, आणि तिनं काही केलं तर पोलीस तुमच्या दारात.

काळा कोट

वरील प्रतिसादाला जोरदार अनुमोदन. शिवाय राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची 'वाहन समन्वय' नावाची देशभरातल्या चोरीच्या वाहनांची यादी आहे. गुन्हा दाखल झाल्यावर चेसिस आणि इंजिन नंबर त्यात चढलाय का, हे तपासी अंमलदाराला विचारा. जुनी गाडी घेणाऱ्यांनीही खरेदीआधी तिथं नंबर टाकून बघावा. चोरीचा माल माहीत असून घेणं हाही गुन्हा आहे, कलम 317.

मांजराकाठ

मंडळी, गुन्हा दाखल झाला. 305 लावलंय. यावेळी ठाण्यात दुसऱ्या महिला अधिकारी होत्या. त्यांनी फिर्याद वाचली, बॉनेटच्या तारखांपाशी थांबल्या, म्हणाल्या, "हे आजोबांनी स्वतः केलंय का?" मग स्वतः शेडवर येऊन पंचनामा केला. कुलपाचा तुकडा आणि काचेचा चुरा दोन्ही सीलबंद केले. अण्णांचा जबाबही घेतला. अण्णांनी किल्लारीचं सांगायला सुरुवात केली तर मधे तोडलं नाही, सगळं लिहून घेतलं. घरी आल्यावर ते पहिल्यांदा जेवले.

आरटीओलाही अर्ज दिला. चेसिस नंबरचा पेन्सिलनं काढलेला ठसा पुनर्नोंदणीच्या जुन्या कागदांत सापडला, तो फिर्यादीला जोडलाय.

लेंडीकाठ

लै झकास. आता बगा कसं हलतंय सगळं.

गोदातीर

नांदेडहून. अण्णांना माझा नमस्कार सांगा. माझं आजोळ सास्तूरकडचं. भूकंपाच्या त्या पहाटे आमच्या मावशीला एका अनोळखी माणसाच्या गाडीतून नेलं होतं, कुणाची गाडी ते आम्हाला कधीच कळलं नाही. तुमचीच असेल असं म्हणत नाही. अशा बऱ्याच गाड्या होत्या, ट्रॅक्टर होते, एसट्या होत्या. पण धागा वाचल्यापासून मावशी रोज विचारते, गाडी मिळाली का म्हणून.

मांजराकाठ

गोदातीर ताई, अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी मावशीचं गाव आणि घराणं विचारलंय. व्यक्तिगत निरोप पाठवतो.

बालाघाट

धागा वर काढतोय. काही कळलं का?

मांजराकाठ

गाडी सापडली, मंडळी. लगेच लिहू शकलो नाही, धावपळ होती.

स्थानिक गुन्हे शाखेनं पांढऱ्या पट्ट्याचा टेम्पो रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांतून माग काढत शोधला. त्याच्या चालकाकडून कर्नाटक हद्दीतल्या एका गोडाऊनचा पत्ता लागला. गाडी विटांवर उभी होती. चाकं नाहीत, इंजिन आणि गिअरबॉक्स नाहीत, पुढची जाळी नाही. अर्ध्या बॉडीवर राखाडी प्राइमर मारलेला. चेसिस नंबरची जागा ग्राइंडरनं घासलेली.

गोडाऊनवाला म्हणत होता की ही त्यानं भंगारात रीतसर घेतलेली दुसरीच पद्मिनी आहे, आणि त्यानं कुठल्यातरी मोडीत गेलेल्या गाडीचे कागदही पुढं केले. त्याच्या कागदावरचा रंग मोतियाच. मग त्या अधिकाऱ्यांनी फिर्याद काढली, पंचांना बोलावलं आणि बॉनेट उघडायला सांगितलं. आतही प्राइमर मारलेला होता. त्यांनी टॉर्च आडवा धरला. तारखा एकेक करून वर आल्या. पंचांनी त्या मोठ्यानं वाचल्या आणि फिर्यादीतल्या फोटोशी ताडून पाहिल्या. "12-6-87" आलं तेव्हा गोडाऊनवाला गप्प झाला. उजव्या मागच्या दाराची कड तशीच दबलेली आहे. पितळी झाकण मात्र गेलं.

मी तिथं होतो. मला दाराच्या त्या कडेवरून हात फिरवायचा होता, पण मुद्देमालाला हात लावू नका म्हणाले. बरोबर आहे त्यांचं.

आता गाडी ठाण्याच्या आवारात आहे. ऊन, पाऊस, बाजूला अपघातातल्या मोटरसायकलींचा ढीग. तिथं किती दिवस राहील याचीच धास्ती आहे.

काळा कोट

अभिनंदन, मनापासून. आता पुढचं.

कोर्टात सुपूर्दनाम्यासाठी, म्हणजे खटला चालू असताना गाडी हमीपत्रावर तुमच्या ताब्यात मिळावी म्हणून अर्ज करा, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 497 किंवा 503, प्रकरण कुठल्या टप्प्यावर आहे त्यावर अवलंबून. 497 प्रमाणे मुद्देमाल कोर्टापुढं आल्यावर 14 दिवसांत त्याचं वर्णनपत्र आणि फोटो, व्हिडिओ, आणि त्यानंतर 30 दिवसांत ताब्याबद्दलचा आदेश अपेक्षित आहे. अर्जात 2002 च्या सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्याचा उल्लेख असू द्या. पंचनामा, फोटो आणि हमीपत्र घेऊन गाड्या मालकाला द्याव्यात, ठाण्याच्या आवारात गंजत ठेवू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयानं त्यात स्पष्ट म्हटलंय. कोर्टाला सांगा की गाडी उघड्यावर राहिली तर पत्रा खराब होऊन ओळखीच्या खुणाच जातील. हमीपत्रात सहसा विकणार नाही, रूप बदलणार नाही, बोलावल्यावर हजर करू अशा अटी असतात. त्या अक्षरशः पाळा. म्हणजे दुरुस्ती, रंग, इंजिन बसवणं, सगळं कोर्टाची परवानगी घेऊन.

घासलेला चेसिस नंबर रसायनानं वर आणता येतो. ठोकताना धातू खोलवर दाबला गेलेला असतो, तो फरक घासल्यावरही उरतो. गाडी ताब्यात घेण्याआधी न्यायसहायक प्रयोगशाळेकडून ही तपासणी करून घ्या अशी विनंती तपासी अधिकाऱ्यांना करा. संभाजीनगरला प्रादेशिक प्रयोगशाळा आहे. अण्णांच्या तारखा आणि नंबर असे दोन्ही पुरावे असले की त्या दुसऱ्या कागदांना कोर्टात जागा राहणार नाही.

सह्याद्रीपल्याड

मूळ इंजिन मिळालं नाही तर दुसरं बसवताना आरटीओची परवानगी आणि आरसीवर नवा इंजिन नंबर चढवणं आवश्यक. इंजिन बिलासह, कागदासह घ्या.

अवांतर: 2021 च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या, मूळ रूपातल्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते. 'व्हीए' अक्षरं असलेला नंबर, फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. तुमच्या गाडीची पन्नाशी 2028 ला भरते. पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यापुरतीच. अण्णांना बाजाराला जायला गाडी लागत असेल तर नेहमीची पुनर्नोंदणीच बरी.

मांजराकाठ

अण्णांना तिच्यातून किल्लारीला जायचं असतं, दर 30 सप्टेंबरला, स्मृतिस्तंभापाशी. त्यामुळं नेहमीचीच ठेवू.

सुपूर्दनाम्याचा अर्ज तयार होतोय. कोर्टाची परवानगी येईपर्यंत एक खिळाही हलवणार नाही, पण सामान गोळा करायला हरकत नाही असं काळा कोट साहेबांनी फोनवर सांगितलं. मिस्त्रीकाका, जाळी, चार चाकं, पुढच्या डाव्या दाराची त्रिकोणी काच आणि गिअरबॉक्ससकट चालू इंजिन, एवढं लागेल. सगळं बिलासहित. पुन्हा कुणाच्या चोरीला गेलेल्या गाडीचा पार्ट माझ्या गाडीत यायला नको.

मोंढा

पितळी झाकणाचा फोटो आमच्याकडच्या मोडीच्या पितळवाल्यांना दिलाय. असं काम लगेच ओळखू येतं, आलं तर बाजूला काढून ठेवतील.

जुना मिस्त्री

काच आहे माझ्याकडं, फ्रेमसकट. 1996 ला एका डॉक्टरांची पद्मिनी मोडीत काढली तेव्हाची, त्यांच्या सहीचा कागद आहे. चाकं तीन निघतील, चौथं बघतो. इंजिनाची घाई करू नका. मूळ इंजिन अजून या भागातच कुठंतरी असणार, एवढ्या लवकर गिऱ्हाईक लागत नाही. नंबर ग्रुपवर फिरता ठेवा.

गाडी ताब्यात आली की आधी मला बोलवा. ग्राइंडर लावलेल्या जागी पाणी बसू देऊ नका, पण ग्रीस किंवा रंगही लावू नका, प्रयोगशाळेची तपासणी व्हायची आहे. नुसतं कोरडं कापड आणि वर प्लास्टिक. वायरिंग घाईत कापलेलं असेल, टोकं जोडायला जाऊ नका, प्रत्येकाला चिंधी बांधून रंग लिहून ठेवा. बॉनेटवरचा प्राइमर मी स्वतः काढतो, थिनरनं, हातानं. पॉलिश पेपर लावला तर तारखा जातील.

अण्णांना म्हणावं, परभणीहून येताना तेलाचा डबा घेऊनच येतो.